निवडलेला माणूस चांगला निघाला, म्हणजे निवड बरोबर होती का?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रकल्पात एक प्रोजेक्ट असिस्टंट घ्यायचा होता. जागा एकच. अर्ज बरेच आले, त्यातून गाळत गाळत शेवटी दोघं उरले. मुलाखत मॅडम घेत होत्या, मी बाजूला बसून वहीत नोंदी करत होते. दोघं गेल्यावर मॅडमनी सहज विचारलं, "तुला काय वाटतं गं?" मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, "पहिला मुलगा जास्त कॉन्फिडंट वाटला."

पहिल्या मुलाला घेतलं. तो छान काम करतोय. डेटा वेळेवर भरतो, चुका कमी करतो, सगळ्यांशी नीट बोलतो. म्हणजे माझी शिफारस बरोबर होती, असंच कुणीही म्हणेल. मीही महिनाभर तेच म्हणत होते.

मग माझ्या पीएचडीच्या कामासाठी एक पुस्तक वाचायला घेतलं आणि माझं ते वाक्य मला नव्वद वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी ऐकू आलं. आजचा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे. नेहमीसारखं "हे पुस्तक वाचा" एवढंच सांगायचं नाहीये. पुस्तक वाचण्यासारखं आहेच, पण त्यातला मुख्य युक्तिवाद एका जागी घसरतो, आणि संशोधनात येऊ पाहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला ती घसरण ओळखता यायला हवी.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. माझी एमएस्सी संख्याशास्त्रातली. आता विज्ञानाच्या इतिहासात पीएचडी करतेय, विषय वसाहतींमधल्या सरकारी वैद्यकीय खात्यांचा. त्यामुळे अमुक गव्हर्नरने तमुक माणसाची शिफारस का केली, असल्या फायलींमध्ये माझे दिवस जातात.

पुस्तक कशाबद्दल आहे

रॉबर्ट ह्यूस्लर या अमेरिकन अभ्यासकाचं 'यस्टरडेज रुलर्स' हे पुस्तक १९६३ साली आलं. विषय आहे ब्रिटिश कलोनियल सर्व्हिसची माणसं कशी घडली. कलोनियल सर्व्हिस म्हणजे आपली आयसीएस नव्हे. भारताचा कारभार लंडनच्या इंडिया ऑफिसकडे होता. आफ्रिका, मलाया, हाँगकाँग, सिलोन, वेस्ट इंडीज वगैरे वसाहतींचा कलोनियल ऑफिसकडे. दोन वेगळी खाती, आणि माणसं निवडायच्या दोन वेगळ्या रीती.

आयसीएसची रीत आपल्याला माहीत आहे. १८५५ पासून लेखी स्पर्धा परीक्षा. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली ती पास झाले आणि मुंबई इलाख्यात आले. आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी मात्र अशी परीक्षाच नव्हती. तिथे चालायची ती शिफारस आणि मुलाखत. कागदोपत्री नेमणुकीचा अधिकार वसाहतमंत्र्यांचा. प्रत्यक्षात नावं सुचवायचे त्यांचे खासगी सचिव. यातले सगळ्यांत प्रभावी गृहस्थ म्हणजे राल्फ फर्स. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात, पदवी तिसऱ्या वर्गात. १९१० साली ते कलोनियल ऑफिसात आले आणि पहिल्या महायुद्धाची वर्षं सोडली तर १९४८ पर्यंत तिथेच राहिले. चार दशकांत वसाहतींमध्ये गेलेल्या तरुण अधिकाऱ्यांच्या निवडीवर या एका माणसाचा जेवढा ठसा आहे तेवढा दुसऱ्या कुणाचा नसेल. त्यांचं आत्मवृत्त १९६२ साली आलं, नाव 'ऑक्युपारियस', म्हणजे लॅटिनमध्ये पक्षी पकडणारा, पारधी. नावातच सगळं आलं.

पद्धत अशी होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांमध्ये फर्सच्या ओळखीचे ट्यूटर. एखादा मुलगा "आपल्या कामाचा" वाटला की ते कळवायचे. मग अर्ज, शाळेच्या हेडमास्तरांची आणि ट्यूटरची गोपनीय पत्रं, आणि मग मुलाखत. मुलाखत घेणाऱ्यांसाठी एक गोपनीय मार्गदर्शिकाही होती. तिच्यात चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याच्या सूचना आहेत. नजर चुकवणारा किंवा ढिल्या ओठांचा माणूस आतून कमकुवत असू शकतो. स्थिर नजर, घट्ट मिटलेलं तोंड आणि जबडा यांतून निश्चय दिसतो, अशा अर्थाच्या. यात एक गंमत म्हणजे फर्सना स्वतःला कमी ऐकू यायचं. त्यांचे मदतनीस होते फ्रान्सिस न्यूबोल्ट, नात्याने त्यांचे मेहुणे. ओळखीपाळखीची साखळी ऑफिसातच सुरू होत होती.

१९२९-३० मध्ये वॉरन फिशर समितीने या सगळ्याची तपासणी केली. मंत्र्यांच्या खासगी सचिवांमार्फत नेमणूक होणं बरं दिसत नाही, म्हणून कलोनियल सर्व्हिस अपॉइंटमेंट्स बोर्ड नेमलं गेलं. वेगळा कर्मचारी विभाग झाला, आणि १९३१ पासून फर्स अधिकृतपणे भरती विभागाचे प्रमुख झाले. म्हणजे पाटी बदलली. आधीची पत्रं आणि मुलाखती होत्या तशा राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, ही तर खालच्या पायरीची भरती झाली. वरच्या जागांचं काय? तर वरच्या जागा याच माणसांमधून भरल्या जायच्या. दरवर्षी गव्हर्नर आपल्या हाताखालच्यांवर गोपनीय अहवाल लिहायचा. अमुक माणूस कलोनियल सेक्रेटरी व्हायच्या लायकीचा आहे की नाही, ते त्यात असायचं. मोठ्या पदांना लंडनची संमती लागायची. त्यामुळे विशीतल्या मुलाला आत घेणारी शिफारस आणि पन्नाशीतल्या अधिकाऱ्याला वर चढवणारी शिफारस या एकाच साखळीच्या दोन कड्या होत्या. पहिली कडी निसटली की दुसरीचा प्रश्नच नव्हता.

ह्यूस्लरचं जमलेलं

टीका करण्याआधी श्रेय द्यावं, ही आमच्या गाइडची शिकवण. ह्यूस्लरने एक मोठी गोष्ट केली. ज्या पद्धतीकडे बाहेरचे लोक "वशिला" म्हणून बघत होते, तिच्या आतला तर्क त्याने मांडला. विचार करा, उत्तर नायजेरियात चोवीस वर्षांचा एक मुलगा, आजूबाजूला मैलोन्‌मैल दुसरा गोरा अधिकारी नाही, तार यायला वेळ, आणि त्याच्या हातात न्यायदानापासून कर गोळा करण्यापर्यंत सगळं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये मिळून प्रशासकीय अधिकारी साधारण बाराशे होते, आणि प्रजा चार कोटींच्या वर. अँथनी कर्क-ग्रीन यांनी १९८० साली या आकड्यांवर एक प्रसिद्ध लेख लिहिला आहे, तोही वाचा. अशा जागी ग्रीक व्याकरणाचे मार्क काय कामाचे, असं फर्सचं म्हणणं. त्यांना हवा होता "कॅरॅक्टर". एकटा पडला तरी न डगमगणारा, पैसे न खाणारा, लोकांशी नीट वागणारा माणूस. हा प्रश्न खोटा नाही. तीन तासांच्या पेपरातून हे कळत नाही, हे आपणही मान्य करतो. नेट-सेट पास झालेला प्रत्येक जण चांगला संशोधक होत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत?

ह्यूस्लर टीकाही करतो. ही माणसं गावच्या मुखियांशी, राजेरजवाड्यांशी छान जमवून घ्यायची, पण शिकलेल्या, प्रश्न विचारणाऱ्या आफ्रिकन तरुणांशी त्यांचं जमायचं नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तरी पुस्तकाचा एकूण सूर असा की त्या काळाच्या गरजेला ही पद्धत योग्य होती. पुरावा काय? तर निवडलेली माणसं बहुतांशी चांगली निघाली.

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

घसरण नेमकी कुठे

वही-पेन घ्या, सोपं आहे. समजा शंभर जणांनी अर्ज केले आणि दहा जागा आहेत. आता असं धरा की त्या शंभरपैकी ऐंशी जणांनी ते काम नीटच केलं असतं. (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत.) तुम्ही जबडा बघून दहा निवडा, हस्ताक्षर बघून निवडा, नाहीतर टोपीत चिठ्ठ्या टाकून निवडा, सरासरी आठ जण चांगले निघणारच. मग तुम्ही म्हणाल, "बघा, माझ्या दहापैकी आठ उत्तम!" खरंच उत्तम आहेत. पण त्यात तुमच्या निवडीची कमाल शून्य आहे.

निवडपद्धत चांगली आहे की नाही हे ठरवायला निवडलेल्यांचं यश पुरत नाही. न निवडलेल्यांचं काय झालं असतं, त्याच्याशी तुलना लागते. ती नसेल तर आपल्याकडे अंश आहे आणि छेद नाही. फर्सच्या आत्मवृत्तात अंश भरभरून आहे: अमुक तरुण पुढे गव्हर्नर झाला, तमुकाने दुष्काळात असं काम केलं. छेदातली माणसं पुस्तकात येत नाहीत, कारण ती त्या खोलीतून बाहेर पडली आणि नोंदीतूनही बाहेर पडली.

दुसरी अडचण. "चांगला निघाला" हे ठरवलं कुणी? वरिष्ठाच्या गोपनीय अहवालाने. तो वरिष्ठ कोण? त्याच शाळा-कॉलेजांतून, तशाच पद्धतीने आलेला. म्हणजे ज्या मोजपट्टीने निवडलं, तिच्यानेच यश मोजलं. संख्याशास्त्रात याला क्रायटेरियन कंटॅमिनेशन म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर परीक्षा घेणारा आणि पेपर फोडणारा एकच.

तिसरी गोष्ट संशोधनाला नव्याने येणारे हमखास विसरतात. निवड मुलाखतीच्या खोलीत सुरू होत नाही. "अर्ज कोण करू शकतो" हा पहिला गाळा, आणि तो सगळ्यांत बारीक जाळीचा असतो. जे त्यात अडकतात ते नाकारलेल्यांच्या यादीतही दिसत नाहीत. फर्स आणि ह्यूस्लर दोघंही दुसऱ्या गाळ्याबद्दल भरपूर बोलतात. पहिल्याबद्दल फार कमी.

तो पहिला गाळा काय करत होता, हे बघायला मला माझ्याच विषयातलं एक उदाहरण मिळालं.

डॉ. ईस्मन, बाप आणि मुलगा

जॉन फॅरेल ईस्मन. जन्म १८५६, सिएरा लिऑनमधलं फ्रीटाउन. वंशाने आफ्रिकन, तिथल्या क्रिओल समाजातले. डॉक्टरकीचं शिक्षण लंडनमध्ये, एमडी ब्रुसेल्सची. १८८० च्या सुमारास ते गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, सरकारी वैद्यकीय सेवेत आले. १८८४ मध्ये त्यांनी ब्लॅकवॉटर फीव्हरवर पुस्तिका लिहिली. मलेरियाशी जोडलेला हा आजार, लघवी काळसर होते, माणूस पटकन दगावतो; पश्चिम आफ्रिकेत आलेल्या युरोपियनांचा कर्दनकाळ. या आजाराचं हे नाव वैद्यकात रुळवण्याचं श्रेय ईस्मन यांना दिलं जातं. १८९३ मध्ये ते गोल्ड कोस्टचे चीफ मेडिकल ऑफिसर झाले. वसाहतीतल्या वैद्यकीय खात्यातलं हे सर्वोच्च पद. हाताखाली युरोपियन डॉक्टर.

इथे थांबा आणि लक्षात घ्या, हे १८९३ आहे. त्या वेळच्या गव्हर्नराने त्यांना पुढे आणलं आणि लंडनने मान्यता दिली. शिफारसपद्धत तेव्हाही होतीच. म्हणजे शिफारस ही आपोआप गोऱ्यांच्याच बाजूने जाते, असं सरसकट म्हणता येत नाही. शिफारस ज्याच्या हातात, त्याच्यावर ते अवलंबून.

आणि नेमका तोच तिचा दोष. गव्हर्नर बदलले. १८९५ मध्ये विल्यम मॅक्सवेल आले. त्यांना ईस्मन त्या पदावर नको होते. खासगी प्रॅक्टिस आणि इतर काही आरोपांवरून चौकशी लागली, १८९७ मध्ये ईस्मन यांना पद सोडावं लागलं. १९०० साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. एका गव्हर्नराच्या शब्दाने माणूस वर गेला, दुसऱ्याच्या शब्दाने खाली आला. मधल्या काळात त्यांचं वैद्यकीय ज्ञान काही कमी झालं नव्हतं.

पुढची पायरी १९०२. लंडनने पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतींची वैद्यकीय सेवा एकत्र केली, वेस्ट आफ्रिकन मेडिकल स्टाफ नावाने. अर्जदार युरोपियन आईबापांचाच असला पाहिजे, असा नियम झाला. आता गव्हर्नराच्या मर्जीचाही प्रश्न उरला नाही. फॉर्मच भरता येणार नाही.

ईस्मन यांचा मुलगा मॅकॉर्मॅक ईस्मन. तोही लंडनमध्ये शिकून डॉक्टर झाला. त्याने या सेवेत जायचा प्रयत्न केला, तर वंशाच्या नियमावर नकार. १९१३ मध्ये तो सिएरा लिऑनमध्ये "नेटिव्ह मेडिकल ऑफिसर" म्हणून रुजू झाला. वेगळी यादी, कमी पगार, आणि वर जाण्याची वाट बंद. बाप वीस वर्षांपूर्वी जिथे खातेप्रमुख होता, त्याच किनारपट्टीवर मुलगा युरोपियनांच्या यादीत कनिष्ठ डॉक्टरसुद्धा होऊ शकत नव्हता. पुढे मॅकॉर्मॅक यांनी या भेदाविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला.

आता अशी कल्पना करा की १९३० साली कुणी संशोधकाने वेस्ट आफ्रिकन मेडिकल स्टाफच्या फायली घेतल्या, आणि निष्कर्ष काढला की "वरिष्ठ पदांसाठी शिफारस झालेले सगळे डॉक्टर युरोपियन होते, यावरून आफ्रिकन डॉक्टर त्या दर्जाचे नव्हते असं दिसतं". फायली खऱ्या, आकडे खरे, निष्कर्ष साफ खोटा. त्या फायलींमध्ये धाकटे ईस्मन नाहीतच, त्यामुळे ते कमी पडलेले दिसणार कसे?

मला ह्यूस्लरची खरी उणीव इथे दिसते. तो प्रशासकीय सेवेबद्दल लिहितो, वैद्यकीय नव्हे. तेव्हा ईस्मन त्याच्या पुस्तकात हवेतच असा माझा हट्ट नाही. पण "ही पद्धत त्या काळाला योग्य होती" असं म्हणताना पर्याय काय होते हे बघायला हवं होतं. त्याच किनाऱ्यावर, फर्स कलोनियल ऑफिसात यायच्या आधी, एक आफ्रिकन माणूस वरिष्ठ पदापर्यंत पोचून खातं चालवून गेला होता. म्हणजे "तेव्हा लायक स्थानिक माणसं मिळत नव्हती" हे काळाचं वर्णन नाही, नियमाचा परिणाम आहे. नियमाने छेद रिकामा केला आणि मग रिकामा छेद पुरावा म्हणून दाखवला गेला.

मग परीक्षा असती तर?

मला माहितीये, एमपीएससी-यूपीएससीच्या वातावरणात वाढलेल्या आपल्याला लगेच वाटतं: परीक्षा ठेवा, प्रश्न मिटला. थांबा.

मलाया, हाँगकाँग आणि सिलोनच्या वरिष्ठ प्रशासकीय सेवेसाठी परीक्षा होती. आयसीएसबरोबर एकत्रच व्हायची. सिलोनमधून पोन्नंबलम अरुणाचलम १८७५ मध्ये ती देऊन आत आले, खुल्या स्पर्धेतून सिलोनच्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरलेले पहिले सिलोनी. तिथे परीक्षेने दार उघडलं, हे खरं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलाया आणि हाँगकाँगच्या जागांसाठी उमेदवार दोन्ही बाजूंनी युरोपियन वंशाचा असावा अशी अट आली. परीक्षा तीच, हॉल तोच, पेपर तपासणारे तेच. फक्त हॉलटिकीट मिळत नाही. पहिल्या गाळ्यापुढे परीक्षाही हतबल असते.

आणि आत शिरल्यावर वर जाण्यासाठी परीक्षा नव्हती. तिथे पुन्हा गोपनीय अहवाल. सत्येंद्रनाथ टागोर तीसेक वर्षं मुंबई इलाख्यात राहिले आणि साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नसतं, हे इतक्या वेळा सांगून झालंय. पण आत जायचा नियम आणि वर जायचा नियम वेगवेगळे असतात, ते वेगवेगळे तपासायचे असतात, एवढं लक्षात राहायला हे उदाहरण बरं आहे.

गोल्ड कोस्टचं पुढे काय झालं तेही सांगते. १९४२ मध्ये ए. एल. अडू आणि के. ए. बुसिया हे पहिले दोन आफ्रिकन तिथल्या प्रशासकीय सेवेत घेतले गेले. अडू पुढे स्वतंत्र घानाच्या नागरी सेवेत अगदी वर गेले, नंतर कॉमनवेल्थ सचिवालयाचे उपमहासचिव झाले. बुसिया समाजशास्त्रज्ञ झाले आणि १९६९ मध्ये घानाचे पंतप्रधान. आनंदाची गोष्ट आहे. पण बारकाईने बघा: बुसिया ऑक्सफर्डला शिकलेले, अडू केंब्रिजला. पहिला गाळा काढला, तरी दुसऱ्याची जाळी तीच राहिली. ऑक्सफर्ड-केंब्रिजपर्यंत न पोचलेला गोल्ड कोस्टचा हुशार मुलगा अजून बाहेरच होता.

१९४६ मध्ये लंडनने धोरण म्हणून मांडलं की वसाहतींमध्ये पब्लिक सर्व्हिस कमिशन नेमावीत, म्हणजे नेमणुकांबाबत गव्हर्नराला स्वतंत्र सल्ला मिळेल. हाँगकाँगमध्ये असं कमिशन १९५० मध्ये आलं. नाव सुचवणारी खुर्ची एका माणसाकडून मंडळाकडे गेली, हा बदल मोठाच. पण कमिशन आलं की न्याय आला, असं लिहू नका. कमिशनसमोर कोणाची नावं येतात, हे आधी विचारा.

तुमच्या कामासाठी

संशोधनाचा प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी या सगळ्यातून तीन प्रश्न. कुठल्याही निवडीच्या नोंदी हातात आल्या, मग त्या वसाहतीच्या असोत, फेलोशिपच्या असोत, नाहीतर दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांच्या, तर विचारा:

या यादीत यायलाच कोण पात्र होतं? नियमाची तारीख शोधा. नियम बदलला त्याच्या आधीचं आणि नंतरचं वर्ष शेजारी ठेवा. १८९३ आणि १९१३ शेजारी ठेवल्यावर मला जे दिसलं, ते एकेकटं वाचून कधीच दिसलं नसतं.

नाकारलेल्यांची नोंद कुठे आहे? निवडणाऱ्याच्या कपाटात नसेल तर नाकारलेल्याच्या कपाटात शोधा. तक्रारअर्ज, विनंतीपत्रं, स्थानिक वर्तमानपत्रं. पश्चिम आफ्रिकेतली त्या काळची वर्तमानपत्रं आफ्रिकन संपादकांनी चालवलेली होती, आणि अशा प्रकरणांवर गप्प बसणारी नव्हती.

आणि यश कुणी मोजलं? मोजणारा निवडणाऱ्याच्याच ओळखीतला असेल, तर त्या मोजमापाला पुरावा म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा.

शिफारसपत्र हातात आलं तर आणखी एक. ते उमेदवाराबद्दल थोडं सांगतं आणि लिहिणाऱ्याबद्दल पुष्कळ. मी स्वतः फेलोशिपचा फॉर्म भरत होते तेव्हा माझ्या जुन्या कॉलेजच्या सरांनी चार ओळींचं पत्र दिलं होतं: विद्यार्थिनी प्रामाणिक आहे, नियमित आहे, वर्तन चांगले. मला तेव्हा राग आला होता. बाकीच्यांची पत्रं दोन-दोन पानांची. आता कळतं की सरांच्या जगात याहून मोठं कौतुकच नव्हतं. फरक आम्हा मुलांमध्ये कमी होता. पत्र कसं लिहायचं हे कुणाच्या सरांना माहीत होतं, यात जास्त होता.

आणि आता सुरुवातीची गोष्ट पूर्ण करते.

फर्सच्या मार्गदर्शिकेतलं ते स्थिर नजरेचं वर्णन वाचल्यावर मी माझी वही काढली. मुलाखतीच्या दिवसाचं पान. दुसरा मुलगा तालुक्याच्या कॉलेजचा होता. उत्तरं देताना टेबलाकडे बघत होता, हे माझ्या पक्कं लक्षात होतं. लक्षात नव्हतं ते वहीत होतं: मिसिंग डेटाचं काय करशील, या प्रश्नाला त्याचं उत्तर पहिल्या मुलापेक्षा चांगलं होतं. माझ्याच अक्षरात "बरोबर, कारणासकट" असं लिहिलेलं. मी ते लिहिलं, आणि दहा मिनिटांनी मॅडमनी विचारल्यावर ते न बघताच बोलले. मीही तालुक्याच्याच कॉलेजची. पहिल्या वर्षी मीही टेबलाकडेच बघून बोलायचे.

आम्ही घेतलेला मुलगा चांगलं काम करतोय, हे अजूनही खरं आहे, आणि त्याच्यावर अन्याय होईल असं मला काही म्हणायचं नाही. पण त्याच्या चांगल्या कामावरून माझी शिफारस बरोबर ठरत नाही. दुसरा मुलगा आमच्या डेटात नाहीये.

हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं मग, पुढच्या वेळचे प्रश्न तू काढ. आणि मार्क माणूस खोलीबाहेर जायच्या आत लिहायचे, नंतर नाही." तसं ठरलंय. आमच्या एक्सेल शीटमध्ये एक नवीन पानही केलंय: घेतलं नाही अशा उमेदवारांचं, उत्तरांच्या नोंदीसकट. सध्या त्यात एकच ओळ आहे.